पिंपातला विस्तव

पहाटे साडेपाच

वर्कशॉपमधला पारा तीन अंशांवर, आणि लेथच्या बेडला घाम फुटलेला. आजच्या सगळ्या खटाटोपाचं मूळ हा घाम. रात्री तास-दोन तास काम करायचं म्हणून मी केरोसीनचा हीटर लावतो. त्याला धुराडं नाही, त्यामुळे जे काही जळतं ते खोलीतच राहतं. एक लिटर केरोसीन जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत जातं; शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बळावर हे कागदावर मांडून दाखवता येतं. हीटर बंद केला की ती वाफ खोलीतली सगळ्यात थंड वस्तू शोधते, आणि काही क्विंटल बिडापेक्षा थंड काय असणार? रोज सकाळी तेलाच्या बोळ्यानं पुसतो, तरी आठवड्याला गंजाचा एक नवा ठिपका निघतोच. विजेचा हीटर घ्यावा तर इथल्या 120 व्होल्टच्या साध्या प्लगवर तो दीड किलोवॅटच्या पुढे जात नाही. चोवीस बाय तीस फुटांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो म्हणजे दर्या में खसखस.

मिशिगनमध्ये, अ‍ॅन आर्बरच्या पश्चिमेला, शेतांच्या भागात आमचं घर आहे. आयुष्यभर गाड्यांच्या भागांचे साचे केले, आधी पुण्यात, मग इथे. निवृत्त झाल्यावर मागच्या आवारातली ही शेड माझी झाली. दिवाळी होऊन आठवडा झालाय. थंडी अजून रंगीत तालीम करतेय, खरा प्रयोग जानेवारीत. त्याच्या आत लाकडाची शेगडी उभी करायची. 55 गॅलनच्या, म्हणजे दोनशे आठ लिटरच्या पोलादी पिंपाची. या देशात शेतावरच्या कित्येक शेडांत असलं पिंप आडवं पडून पेटलेलं दिसतं.

सव्वाआठ

सूर्य आत्ता उगवला. घड्याळं एक तास मागे घ्यायला अजून एक रात्र आहे, त्यामुळे सध्या पहाट ऑफिसच्या वेळेला होते.

पिंप फळांच्या रसाचं आहे. ते मुद्दाम शोधून आणलं. सॉल्व्हंटचं, तेलाचं किंवा ज्याची चिठ्ठी निघून गेलीय असलं पिंप कितीही धुतलं तरी मी त्याला ग्राइंडर लावणार नाही. वरून रिकामं दिसतं, आत वाफ दबा धरून असते, आणि एक ठिणगी पुरते. पुण्याच्या कारखान्यात पहिल्याच महिन्यात फोरमननं आम्हा पोरांना ओळीत उभं करून हे सांगितलं होतं. त्याची डावी भुवई जळून गेलेली होती, त्यामुळे भाषण लांबवावं लागलं नाही.

रसाचं असलं तरी सवय जात नाही. पिंप उभं केलं, बूच काढलं, गरम पाणी आणि सोडा घालून दोनदा घुसळलं आणि मग नळीनं जवळजवळ काठोकाठ पाणी भरलं. आत वाफेला जागाच ठेवायची नाही. दार वरच्या सपाट टोकाला कापायचं, म्हणजे पाणी खाली आणि काप वर.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "अहो, आंघोळ त्याला घालताय की तुम्ही करताय?"

नऊ

दाराचं तोंड तीनशे बाय अडीचशे मिलिमीटर. खडूनं आखलं, कोपऱ्यांना भोकं पाडली, आणि पाणी जवळ असल्यामुळे बॅटरीवरच्या जिगसॉनं कापलं. पिंपाचा पत्रा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, त्यामुळे पातं सरसर चालतं आणि आवाज मात्र देवळातल्या नगाऱ्यासारखा. काप पूर्ण झाल्यावर पाणी ओतून दिलं आणि कडेला कानस मारली. ही कानस मारणं विसरू नये. पुढची दहा वर्षं याच कडेवरून हात आत-बाहेर जाणार.

कापून निघालेला तुकडाच बिजागरीवर चढवून दार करावं, असा मोह सगळ्यांना होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं तसं केलं होतं. दोन हिवाळ्यांत ते दार तव्यावरच्या पापडासारखं वाकडं झालं आणि फटीतून नको तेवढी हवा आत जायला लागली. जी हवा आपल्या हातात नाही ती आगीच्या हातात जाते. मग पिंप लाल होतं. मी सहा मिलिमीटरच्या प्लेटचं दार कालच कापून, बिजागऱ्या वेल्ड करून ठेवलं होतं. त्याला आतून काचतंतूचा दोर चिकटवला आणि खाली हवेसाठी एक सरकती झडप केली. दार लावून कडी ओढली की कागदाचा कपटा दोरात घट्ट पकडला जातो. चारी बाजूंनी कपटा घालून ओढून पाहिला. खालच्या उजव्या कोपऱ्यात सैल निघाला. बिजागरीखाली एक वॉशर घातला, काम झालं.

बुचाच्या दोन भोकांना पोलादी बुचं आवळून बसवली, त्यांची रबरी चकती काढून टाकून.

साडेदहा

आता लाजिरवाणा भाग.

नुसत्या पिंपात लाकूड पेटवलं की ज्वाळा सरळ मागच्या धुराड्यात पळते आणि अर्धी ऊब चिमण्यांना देते. म्हणून वरच्या भागात एक आडवी प्लेट टाकतात. मागच्या टोकापासून पुढे येणारी, पुढच्या बाजूला वीतभर जागा सोडलेली. धुराला आधी पुढे यावं लागतं, मग प्लेटवरून मागे जावं लागतं. तेवढ्या वेळात वरचा सगळा पत्रा तापतो. मी हिशोब केला: मध्यरेषेच्या दीडशे मिलिमीटर वर प्लेट बसवायची तर तिथे पिंपाची रुंदी 487 भरते. पाच मिलिमीटर जाडीची, 480 बाय 600 ची प्लेट कापली. वजन सव्वाअकरा किलो. कडा घासल्या. छान झाली. उचलून पिंपापाशी नेली आणि तीनशे बाय अडीचशेच्या तोंडासमोर ती धरून उभा राहिलो.

साच्यांच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेला माणूस. साचा आत कसा जाणार हा पहिला प्रश्न विचारायचा असतो, हे मीच किती पोरांना शिकवलं असेल. बायकोला सांगितलं नाही. प्लेट उभी चिरून 240 च्या दोन पट्ट्या केल्या. मग त्यांना आधार म्हणून दोन्ही बाजूंना अँगलचे तुकडे, बाहेरून बोल्ट घालून. आतला नट खांद्यापर्यंत हात घालून, न बघता, पान्यानं धरायचा. चार बोल्टांना पाऊण तास लागला. एक नट आत पडला तो शेवटपर्यंत सापडला नाही. खडखडत असतो.

खाली काय घालायचं यावर माझा आणि म्हाताऱ्याचा आठवडाभर वाद झाला होता. माझं म्हणणं, जाळी हवी. माझ्या डोळ्यांसमोर बंब होता. कसब्यातल्या तांबट आळीत ठोकलेला, बाहेरून चिंचेनं घासलेला, मधोमध नळकांडं, भोवती पाणी. वरून बंबफोड टाकायची, खाली जाळी, जाळीखालून हवा, राख खाली. आग म्हटली की खालून हवा, हे माझ्या अंगात मुरलेलं. म्हातारा म्हणाला, "कोळसा जाळणार असशील तर जाळी घाल. लाकडाला राखेची गादी लागते." तो बरोबर आहे. कोळशाला खालून हवा लागते. लाकडातून निघालेला वायू वरच पेटतो, त्याला हवा समोरून आणि वरून मिळाली तरी पुरते, आणि राखेच्या थरात निखारा रात्रभर जिवंत राहतो. बंबाला जाळी साजते, कारण त्याला अर्ध्या तासात धडाडून पेटायचं आणि आंघोळी झाल्या की विझायचं असतं. इथे दिवसभर धुमसत राहायचंय. म्हणून तळाला दोन इंच वाळू, बाजूंना भट्टीच्या विटा. विटा नसत्या तर सव्वा मिलिमीटरचा पत्रा दोन-तीन हिवाळ्यांत चाळण झाला असता.

साडेबारा

पोळीच्या गुंडाळीत बटाट्याची भाजी, उभ्याउभ्या. चहा.

एक

पहिला जाळ बाहेर, उघड्यावर. रसाच्या पिंपाला आतून लाखेसारखा लेप असतो आणि बाहेरून निळा रंग. दोन्ही जळताना जो धूर निघतो तो बंद जागेत घ्यायचा नाही. पिंप अंगणाच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवलं, दोन फुटांचं जुनं नळकांडं वर खोचलं आणि पेटवलं.

म्हातारा गाडीच्या मागे लाकूड घेऊन आला, सगळं अ‍ॅशचं. या भागात अ‍ॅशचं लाकूड इतकं का, त्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. 2002 साली डेट्रॉइटच्या परिसरात हिरव्या चकचकीत पाठीचा एक बारीक भुंगेरा सापडला. आशियातून आलेला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून. त्याच्या अळ्या अ‍ॅशच्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात आणि झाडाची रसवाहिनी तोडतात. तेव्हापासून उत्तर अमेरिकेत कोट्यवधी अ‍ॅश मेले. माझ्या आवारातले सात गेले. सरपणातून हा किडा गावोगाव पोचला, म्हणून लाकूड जिथे पडलं तिथेच जाळा, असं इथे सगळीकडे बजावतात. म्हाताऱ्यानं एक ओंडका उलटा करून सालीखालचे बोगदे मला दाखवले. त्याच्या वडिलांनी लावलेलं झाड होतं. काही बोलला नाही, ओंडका आत टाकला.

अ‍ॅश फोडायला सोपा, सरळ रेषेत चिरतो, आणि ओला असतानाही त्यात इतर लाकडांपेक्षा पाणी कमी. हे लाकूड दोन उन्हाळे छपराखाली वाळलेलं. मीटरचे दोन खिळे ताज्या चिरीत टोचले: सतरा टक्के. विसाच्या आत असलं की चालतं. ओलं लाकूड जाळणं म्हणजे आधी पाणी उकळायला सरपण घालवणं, शिवाय त्या गार, ओल्या धुरातून धुराड्याच्या आत डांबरासारखं काळं किटण बसतं. साठत गेलं की एक दिवस तेच पेट घेतं, आणि मग घरासकट हिशोब होतो.

रंग फुगला, सुटला, पापुद्रे उडाले. तासाभरात निळं पिंप राखाडी झालं. म्हातारा जाताना गाडीतून एक वाकवलेलं नळकांडं काढून द्यायला लागला, जस्ताचा मुलामा असलेलं. मी नको म्हटलं. जस्त 420 अंशांच्या खालीच वितळतं आणि फार तापलं की त्याचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, सकाळी काही झालंच नाही असं माणूस उठतो. आमच्या वेल्डिंग शॉपमध्ये असल्या कामानंतर गूळ आणि दूध मिळायचं. त्यानं काही होत नसे, पण गूळ चांगला असायचा.

साडेतीन

पिंप गार झालं. तारेच्या ब्रशनं घासलं आणि आत आणून अँगलच्या पायांवर बसवलं. भिंतीपासून तीन फूट, खाली काँक्रीट. घरगुती, कुणी तपासून शिक्का न मारलेल्या शेगडीला जळाऊ वस्तूंपासून इथे छत्तीस इंच सोडायला सांगतात आणि एकेरी पत्र्याच्या नळकांड्याला अठरा. गाड्या ठेवतात अशा गॅरेजमध्ये लाकडाची शेगडी नियमात बसत नाही, कारण पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरपटते. माझ्या शेडमध्ये गाडी नाही आणि आता गवत कापायचं यंत्रही बाहेर काढलं.

शेगडी घरची, पण छतातून जाणारं धुराडं विकतचं. दुहेरी, मध्ये उष्णतारोधक भरलेलं स्टेनलेसचं. ते गेल्या आठवड्यात बसवून घेतलं आणि टाउनशिपच्या माणसाला आणि विमेवाल्यांना दाखवलं. काटकसर कुठे करावी आणि कुठे नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे: आग जिथे माझ्या डोळ्यांसमोर आहे तिथे माझं काम, जिथे ती लाकडी छताआड जाते तिथे कारखान्याचं. छपरातून निघते तिथून तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आतल्या कुठल्याही उंचवट्यापेक्षा दोन फूट वर, हा त्याचा नियम.

पिंपापासून छतापर्यंतचं सहा इंची नळकांडं मात्र मी जोडलं. इथे नवा माणूस हमखास उलटं करतो. नळकांड्याचं एक टोक चुण्या पाडून बारीक केलेलं असतं. ते टोक वर करून जोडलं की धूर बाहेर येणार नाही असं वाटतं. ते खाली, शेगडीकडे हवं. आत धूर वर ओढला जातो, तो फटीतून येत नाही; पण काळं पाणी खाली ओघळतं, आणि टोक वर असेल तर ते प्रत्येक सांध्यातून बाहेर ठिबकतं. पन्हळीचे तुकडे कसे जोडतात ते आठवायचं आणि तसंच करायचं: वरचा खालच्याच्या आत. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

पाच

कागद, ढलप्या, वर मनगटाएवढी चार लाकडं. काडी लावली. दार किंचित उघडं ठेवलं.

धूर दारातून बाहेर आला. आधी थोडा, मग भरपूर. वाटलं, धुराडं गार आहे. गार धुराड्यातली हवा जड असते, बुचासारखी बसून राहते. नळकांड्याच्या खालच्या झाकणातून कागदाचा बोळा पेटवून आत धरला, म्हणजे ती हवा हलेल. क्षणभर हलली. पुन्हा धूर तोंडावर. मग मला आडव्या प्लेटचा संशय आला. बेंजामिन फ्रँकलिनची 1740 च्या दशकातली शेगडी अशीच फसली होती: त्यानं धुराला वर जाऊ देण्याआधी खाली उतरवलं, ऊब वाचवायला. शेगडी तापलेली असेल तोवर ठीक, गार झाली की धूर खोलीत. पुढे डेव्हिड रिटनहाउसनं ती वाट बदलली. मी धुराला खाली उतरवलेलं नव्हतं, फक्त पुढे-मागे फिरवलं होतं. तरी पाना घेऊन प्लेट काढायच्या तयारीला लागलो. डोळ्यांतून पाणी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळायला लागला, तेव्हा मोठं दार सताड उघडलं.

दार उघडताच धूर सुतासारखा सरळ धुराड्यात गेला. दार लावलं, परत बाहेर.

बायको स्वेटर सावरत दारात आली. पदर नाही म्हणून बाही नाकाला लावली, आत बघितलं, वर बघितलं.

"अहो, तो पंखा कशाला चालू ठेवलाय?"

वेल्डिंगच्या टेबलावरचा हवा बाहेर फेकणारा पंखा. दुपारपासून चालू होता. त्याच्या घरघरीची कानांना इतकी सवय की ती ऐकूच येत नाही. बंद शेडमधली हवा पंखा बाहेर टाकणार, तेवढी कुठून तरी आत येणार, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे माझं नवंकोरं सहा इंची धुराडं.

"आईंच्या मोरीतला बंब आठवतो ना?" ती म्हणाली. "मागचं दार बंद असलं की धुमसायचा."

आठवतो. मी सातवीत असेन. आंघोळीला उशीर होतोय म्हणून बंबात तोंडापर्यंत बंबफोड कोंबली होती. आईनं येऊन निम्मी बाहेर काढली आणि मोरीचं दार उघडलं, एवढंच. म्हणाली, "आत कोंबलंस, पण येईल कुठून?" मी समजलो ती लाकडाबद्दल बोलतेय.

पंखा बंद केला. धूर एकदा घुटमळला आणि गेला. रात्री कागदावर मांडून पाहिलं: साडेचार मीटर उंचीचा हवेचा खांब, आत सरासरी दोनशे अंश, बाहेर शून्याच्या आसपास. ओढ निघते चोवीस पास्कल, म्हणजे पाण्याचा अडीच मिलिमीटरचा थर जेवढा दाब देईल तेवढी. तीही सगळं तापल्यावर. पेटवताना त्यातली नखभरही नसते. चांगला पंखा तिला सहज हरवतो.

सात

नळकांड्यावर चिकटवलेल्या चुंबकी तापमापकाचा काटा दोनशेवर. एकशेवीसच्या खाली किटण धरतं, अडीचशेच्या वर लाकूड वाया जातं, म्हणून काटा मध्ये ठेवायचा. झडप बोटभर सरकवली की तो दोन-तीन मिनिटांनी ऐकतो.

शेडमध्ये एकोणीस अंश. तासाला तीन किलो लाकूड जातंय. वाळलेल्या किलोत सुमारे चार किलोवॅट-तास, म्हणजे आत बारा किलोवॅट, आणि निम्मी ऊब धुराड्यानं नेली तरी सहा इथे. विजेचे चार हीटर. लेथच्या बेडवर हात फिरवला. कोरडा. धूर आणि त्यातली वाफ बाहेर चाललीय, बीड हळूहळू तापतंय.

म्हातारा डोकावला, टोपी काढून पिंपासमोर उलटा उभा राहिला, इथली माणसं आगीकडे पाठ करून ऊब घेतात. मी तोंड करून बसलो होतो. आम्हाला आगीनं पाणी तापवायचं, अन्न शिजवायचं, एवढंच माहीत. नुसती खोली तापवण्यासाठी आग लावायची ही कल्पना आजही मला जरा उधळपट्टीची वाटते. बायकोलाही वाटत असावी, कारण तिनं एक मोठं पातेलं भरून आणलं आणि पिंपाच्या पाठीवर ठेवलं. गोल पाठीवर ते डुगडुगलं. उद्या त्याच्यासाठी चौकट वेल्ड करायची.

साडेनऊ

शेवटचं लाकूड साडेआठला घातलं होतं. आता नुसते निखारे, झडप बंद. पेटती शेगडी एकटी सोडून झोपायला जायचं नाही, म्हणून ती विझेपर्यंत मी एक गंजका चिमटा घासत बसलो. काटा साठवर आला. आतला तो हरवलेला नट मधूनच टिक् करून वाजतो, पत्रा आकसताना.

राख उद्या सकाळी, झाकणाच्या लोखंडी बादलीत. पातेल्यातलं पाणी हात धरवत नाही इतकं गरम आहे. ते बादलीत ओतून घरात घेऊन निघालो.

"कपडे बाहेरच काढा," आतून आवाज आला. "आणि ते पाणी मोरीत ठेवा."

इथे मोरी नाही. बाथटबपाशी ठेवली.